कोपऱ्यावरच्या छोट्या बारमध्ये गजबज कशी जमवायची

डाइव्ह बार म्हणतात तशी साधी, गजबजलेली जागा उभी करायला निघालेले बहुतेक जण भिंतीपासून सुरुवात करतात. जुनाट पाट्या, मुद्दाम खरवडलेलं लाकूड, उघड्या विटा, छताला लटकवलेली गंजकी सायकल. खर्च होतो, फोटो छान येतात, आणि मंगळवारी रात्री नऊ वाजता चार माणसं चार टेबलांवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली दिसतात.

गजबज सजावटीतून येत नाही. दोन अनोळखी माणसं हाताच्या अंतरावर आली, त्यांना बोलायला काही निमित्त मिळालं आणि बोललेलं एकमेकांना ऐकू आलं, की ती सुरू होते. पुढे काउंटर, दिवे, आवाज, मोरी, ग्लास असं जे काही येईल ते याच कसोटीवर तपासायचं. आकडे देताना १० बाय ६ मीटरची आणि ३ मीटर उंचीची खोली धरली आहे. जागा लहान-मोठी असेल तर त्या हिशेबाने बदल करा.

काउंटर

पैसा घालायचाच असेल तर इथे घाला. टेबलावरची माणसं गटाने येतात आणि गटानेच उठतात. एकटा आलेला माणूस काउंटरवर बसतो, आणि बारची रोजची मंडळी तयार होतात ती या एकट्यांमधूनच.

काउंटरची उंची १०५ ते ११० सेंमी ठेवा आणि स्टुलाची बैठक ७५ सेंमीवर. या मापाचं कारण फक्त कोपर टेकणं नाही. एवढ्या उंच स्टुलावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास. बसलेला, शेजारी उभा असलेला आणि आतला बारटेंडर, तिघेही मान वर-खाली न करता बोलू शकतात. साध्या खुर्चीवर बसलेल्याचे डोळे १२० सेंमीवर असतात, त्यामुळे उभा माणूस त्याच्याशी वाकूनच बोलतो आणि दोन वाक्यांत निघून जातो.

बैठक आणि फळीची वरची कड यांत ३० सेंमी अंतर हवं. फळी ५ सेंमी जाड असली तरी मांडीला २५ सेंमी उरतात. फळीखाली फळ्यांचा कप्पा किंवा जाड पट्टी ठोकून सुतार हे अंतर खातो, तेव्हा काम चालू असतानाच स्टुलावर बसून पाहा. फळी ५० ते ६० सेंमी रुंद आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला गुडघ्यांसाठी २५ सेंमी पुढे काढलेली असावी. खाली पाय टेकायला ५ सेंमी जाडीची नळी, जमिनीपासून १८ ते २० सेंमीवर. स्टुलांना स्वतःची कडी असली तरी ही नळी लावायचीच, कारण तिचा खरा उपयोग उभ्या माणसाला होतो. एक पाय वर ठेवला की कंबरेवरचा ताण कमी होतो आणि माणूस अर्ध्या तासाऐवजी तासभर उभा राहतो.

दोन स्टुलांच्या मध्यांमधलं अंतर ६० ते ६५ सेंमी ठेवा. ५५ च्या खाली गेलात तर कोपरं लागतात. ७५ च्या वर गेलात तर प्रत्येक जण आपल्या बेटावर. स्टुलं जमिनीत पक्की करू नका. तिघे आले की त्यांना स्टुलं ओढून अर्धवर्तुळ करता आलं पाहिजे. पाठ नसलेलं स्टूल कुठल्याही बाजूला वळता येतं म्हणून बरं, पण वयस्क गिऱ्हाइकांसाठी भिंतीकडच्या टोकाला पाठ असलेली दोन ठेवावीत.

सरळ रेषेतल्या काउंटरवर माणसाला फक्त शेजारचा दिसतो. काटकोनात वळलेल्या काउंटरवर समोरचाही दिसतो. एक बाजू ५ मीटरची आणि दुसरी निदान दीड-दोन मीटरची करा. बारमधलं बोलणं बहुतेक वेळा या कोपऱ्यातून सुरू होतं, आणि रोजच्या मंडळींपैकी जो सगळ्यांत जुना तो तिथेच येऊन बसतो. त्याला उठवू नका.

आता सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. काउंटरच्या लांब बाजूला, बारटेंडरच्या कामाच्या जागेसमोर, ७५ सेंमीची जागा स्टुलाविना मोकळी सोडा. ती नसेल तर टेबलावरून ऑर्डर द्यायला आलेला माणूस बसलेल्याच्या खांद्यावरून हात घालतो, आणि संध्याकाळभर तेच चालतं. जागेच्या दोन्ही बाजूंना फळीवर छोट्या वाकवलेल्या नळ्या बसवल्या की तिथे कोणी स्टूल सरकवत नाही. ही जागा आणि वळणाचा कोपरा वजा जाता वर सांगितलेल्या काउंटरवर आठ-नऊ स्टुलं बसतात. कमी वाटतील, पण तेवढी पुरेत.

आतली बोळकंडी एकाच बारटेंडरसाठी ९० सेंमी, दोघांसाठी १०५ ते ११०. त्याहून रुंद केली की बर्फ, ग्लास आणि बाटली यांच्यात एकेक पाऊल वाढतं आणि त्या प्रत्येक पावलाला बारटेंडरची पाठ गिऱ्हाइकाकडे होते. रोज लागणाऱ्या आठ-दहा बाटल्या, पेग मेजर आणि बर्फाची पेटी एका पावलात हाती आली पाहिजेत. मागच्या भिंतीवर आरसा लावावा. बाटली काढायला वळलेल्या बारटेंडरला त्यात दार दिसतं, आणि एकट्या गिऱ्हाइकाला मान न वळवता मागची खोली.

माणसं पसरू देऊ नका

काउंटर, आतली जागा, शौचालय आणि गोदामाचा कोपरा वजा केला तर ६० चौरस मीटरपैकी गिऱ्हाइकांना साधारण ४० उरतात. २५ ते ३० माणसांत ही जागा भरलेली वाटते. बारा माणसं असतील तर ती रिकामी वाटेल की मजेची, हे ती कुठे बसली आहेत यावर ठरतं.

म्हणून जागा टप्प्याटप्प्याने उघडा. आधी काउंटर, मग काउंटरसमोरच्या भिंतीवरची उभ्याने ग्लास ठेवायची फळी (२५ ते ३० सेंमी रुंद, उंची काउंटरएवढीच), मग पुढची टेबलं, आणि शेवटी मागचा भाग. मागचा भाग उघडेपर्यंत तिथले दिवे बंद आणि खुर्च्या टेबलावर उलट्या. ‘आत बसा ना, निवांत आहे’ असं म्हणणारा वेटर संध्याकाळी सातलाच बार मारून टाकतो.

टेबलं ६० बाय ६० सेंमीची, दोघांपुरती घ्या. गरज पडली की जोडता येतात. आठ जणांचं एकच मोठं टेबल दाराजवळ टाकलं की पहिला गट ते बळकावतो आणि त्यांची वेगळीच खोली होते. काउंटरपासून समोरच्या फळीपर्यंत निदान पावणेदोन ते दोन मीटर सोडा. स्टुलावरचा माणूस अर्धा मीटर घेतो, त्याच्यामागे उभा राहणारा जवळपास तेवढाच, आणि उरलेले ९० सेंमी जाण्या-येण्याला. किती माणसं आत घ्यायची याची कमाल मर्यादा अग्निशमन खातं ठरवतं. ती गजबजीच्या नावाखाली ओलांडायची नाही, आणि बाहेर पडायच्या दारासमोर स्टूलही ठेवायचं नाही.

दार उघडल्यावर पहिल्यांदा माणसाचा चेहरा दिसायला हवा. शौचालयाचं दार किंवा गल्ल्याची पाठ दिसत असेल तर मांडणी बदला. खिडकीला पूर्ण काळी काच लावू नका. बाहेरून आतली डोकी आणि पिवळा उजेड दिसला, की आत काय चाललंय हे पाटीपेक्षा लवकर कळतं.

दिवे

सगळे दिवे २२०० ते २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळ्या उजेडाचे. सगळे म्हणजे सगळे. फ्रिजमधली पांढरी ट्यूब आणि शौचालयातला ४००० केल्विनचा दिवा यांना कोणी मोजत नाही, आणि दर वेळी ते दार उघडलं की पांढरा झोत खोलीभर पसरतो. चेहरे चांगले दिसावेत म्हणून रंगदर्शकांक (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा त्याहून जास्त असलेले बल्ब घ्या.

गिऱ्हाइकाच्या जागी २० ते ४० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरतो. काउंटरच्या आत, माप भरायच्या जागी, १५० लक्सच्या आसपास हवा, पण तो फळीखाली लपवलेल्या पट्टीतून यावा, म्हणजे डोळ्यांत जात नाही. मोजायला यंत्र नसेल तर मेनू हातभर अंतरावर धरून वाचा. लोक मेनू वाचायला मोबाइलचा टॉर्च लावत असतील तर एक तर उजेड कमी आहे किंवा अक्षर बारीक आहे. अक्षर १४ पॉइंटचं करून आधी पाहा, दिवे नंतर वाढवा.

छतातून सरळ खाली पडणारा झोत टाळा. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि प्रत्येक जण आजारी दिसतो. काउंटरवर लोंबते दिवे लावायचे तर शेडची खालची कड फळीपासून ७५ ते ९० सेंमीवर, शेड अपारदर्शक. उजेड लाकडावर पडून उलटा चेहऱ्यावर येतो. त्यासाठी फळीचा पॉलिश मॅट हवा. काचेसारख्या चकचकीत थरात दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यात खुपतं आणि ओल्या ग्लासचा प्रत्येक डाग उठून दिसतो.

उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाची, म्हणजे डिमरची, गडबड ठरलेली. जुने डिमर काही शे वॉटच्या तारेच्या बल्बांसाठी बनलेले असतात. त्यांच्यावर सहा-सात एलईडी मिळून ४० वॉट टाकले की कमी उजेडात दिवे लुकलुकतात किंवा एकदम बंद पडतात. एलईडीसाठीचा, कमी भाराला चालणारा डिमर घ्या, आणि सगळे बल्ब घेण्याआधी एक बल्ब आणि तो डिमर जोडून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती जोडी परत करा. दुसरं म्हणजे, तारेचा बल्ब मंद केला की आणखी पिवळा होतो, साधा एलईडी होत नाही. तो परिणाम हवा असेल तर ‘वॉर्म डिम’ लिहिलेलाच घ्यावा लागतो.

दिव्यांची जोडणी निदान तीन वेगळ्या स्विचांवर करा: आतलं काम, मागच्या बाटल्या, आणि खोली. साफसफाईचे पांढरे दिवे चौथ्या स्विचवर, ज्याला गिऱ्हाईक असताना कोणी हात लावणार नाही. संध्याकाळी उजेड एका झटक्यात कमी करू नका. सगळे वर बघतात आणि बोलणी तुटतात. अर्ध्या तासात तीन पायऱ्यांनी उतरवा. डोळ्यांनाही अंधाराला पूर्ण सरावायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

टीव्ही असलाच तर एक, काउंटरच्या टोकाला, ब्राइटनेस खाली आणलेला. सामना असेल तेव्हा आवाजासकट लावा, कारण तेव्हा तो बोलायचं निमित्त असतो. आवाज बंद करून कोणालाच नको असलेली वाहिनी चालू ठेवणं सर्वांत वाईट. हलत्या चित्राकडे डोळे जातातच, आणि समोरचा माणूस बोलता बोलता थांबतो.

आवाज

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, कारण गोंगाट म्हणजेच गजबज असा समज आहे. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये मांडलेला परिणाम रोज रात्री बारमध्ये घडतो: आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एक टेबल चढलं की शेजारचं चढतं, मग बारटेंडर गाणी वाढवतो, मग सगळेच ओरडतात. दहा वाजता घसा दुखायला लागलेली माणसं साडेदहाला बिल मागतात.

मूळ दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो, गाण्यांचा नाही. उघडी भिंत, काच आणि फरशी आवाज परत फेकतात. किती वेळ तो घुमतो याचा अंदाज सोप्या सूत्राने येतो: खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र (चौरस मीटरमध्ये). आपल्या खोलीचं घनफळ १८०. भिंती, छत आणि जमीन मिळून २१६ चौरस मीटर, पण कडक पृष्ठभाग जेमतेम पाच टक्के शोषतात, म्हणजे हातात ११. रिकाम्या खोलीत आवाज अडीच सेकंदांहून जास्त घुमेल. वीस माणसं आत आली तर त्यांच्या अंगाचं आणि कपड्यांचं मिळून सुमारे ९ धरा. तरीही जवळपास दीड सेकंद. गजबजलेल्या पण बोलता येईल अशा खोलीला ०.६ ते ०.८ सेकंद हवेत. त्यासाठी आणखी २१-२२ चौरस मीटर शोषण लागतं, म्हणजे ५ सेंमी जाडीच्या रॉकवुलच्या (दगडाच्या तंतूंच्या) पॅनेलांनी छताचा साधारण २४ चौरस मीटर भाग झाकायचा. १.२ बाय ०.६ मीटरची ३३ पॅनेलं होतात. काळ्या कापडात गुंडाळून छताला लावली की अंधारात दिसतही नाहीत. छतापासून ५ ते १० सेंमी खाली लटकवली तर खालच्या स्वरांनाही थोडी जास्त चांगली लागू पडतात.

कापड आग न धरणारं हवं, आणि अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा स्वस्त फोम अजिबात नको. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ या नाइटक्लबला आग लागली तेव्हा भिंतींवरच्या अशाच फोमने मंचावरच्या फटाक्यांची ठिणगी पकडली, आणि १०० माणसं गेली.

सगळं छत झाकायचाही मोह टाळा. फार कोरड्या खोलीत शेजारच्या टेबलावरचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो, आणि लोक कुजबुजायला लागतात. थोडा गलका पडद्याचं काम करतो. त्याच्या आडोशानेच माणूस मोकळं बोलतो. म्हणूनच बार उघडल्यावर, दोन-तीनच गिऱ्हाइकं असताना, गाणी बंद ठेवू नका.

गाण्यांची पातळी बसलेल्या माणसाच्या कानाशी मोजा. संध्याकाळी ६० ते ६५ डेसिबल, गर्दी जमल्यावर ७०, रात्री ७५ च्या आसपास. वाढवायचं तर एका वेळी ३ डेसिबलच. शेजारच्याशी बोलायला लोक कानाजवळ तोंड नेताना दिसले, की ३ खाली. आत आठ तास उभं राहणाऱ्यांचाही विचार हवा. कामाच्या जागेवरच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची मर्यादा आठ तासांसाठी ८५ डेसिबल आहे, आणि त्यावर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो.

दोन मोठे स्पीकर एका टोकाला लावले की तिथली माणसं बहिरी होतात आणि दुसऱ्या टोकाला काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा ५-६ इंची चार स्पीकर खोलीभर वाटून, मंद आवाजात. जोडणी मोनो करा. स्टिरिओत निम्म्या खोलीला गाण्याची एकच बाजू ऐकू येते, आणि काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तर त्या बाजूला गायकच नसतो. वेगळा सबवूफर नको. खालचे स्वर भिंतीतून वरच्या मजल्यावर जातात आणि तक्रार तिथूनच येते. स्पीकर भिंतीला रबराच्या तुकड्यांवर बसवा. शांत वेळी कान देऊन बर्फाच्या मशीनचा आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा आवाजही ऐका. जमल्यास ते मागच्या खोलीत हलवा. ब्लेंडर काढूनच टाका. एका ड्रिंकसाठी सगळा काउंटर अर्धा मिनिट गप्प होतो.

गाणी निवडायचा हक्क थोडा गिऱ्हाइकांकडे असावा. तत्त्व सोपं आहे: आपण लावलेलं गाणं सगळ्यांनी ऐकलं की माणूस त्या जागेचा होतो. नियम दोनच ठेवा आणि लिहून लावा. एका माणसाची सलग तीनच गाणी, आणि गाणं पुढे ढकलायचा अधिकार फक्त बारटेंडरला. पैसे घेतले असतील तर ते गाणं वाजलंच पाहिजे. घरगुती वापराचं संगीत खातं सार्वजनिक जागी चालत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

बोलायला निमित्त

डार्ट्सचा बोर्ड कमी जागेत सर्वांत जास्त काम करतो. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर. पोलादी टोकाच्या डार्टसाठी फेकणाऱ्याची रेघ बोर्डाच्या दर्शनी पृष्ठभागापासून २.३७ मीटरवर, मऊ टोकाच्यासाठी २.४४ वर. मोजताना भिंतीपासून मोजायची चूक होते. बोर्डाच्या जाडीइतका फरक पडतो आणि खेळणारे लगेच ओळखतात. फेकणाऱ्याच्या मागे आणखी सव्वा मीटर ठेवा आणि ही वाट शौचालयाच्या वाटेला कुठेही छेदणार नाही हे आधी पाहा.

पूल टेबलाचं वेगळं. सात फुटी टेबलाचा खेळायचा भाग साधारण १ बाय २ मीटर, पण क्यू (खेळायची काठी) १४७ सेंमी लांब, त्यामुळे चारही बाजूंनी तेवढी जागा धरली तर ४ बाय ५ मीटर जातात. आपल्या खोलीची एक तृतीयांश जागा. आखूड क्यू देऊन भिंतीजवळ कोंबलेलं टेबल रोज भांडणं लावतं. जागा असेल तरच घ्या.

कुठलाही खेळ असो, जिंकणारा राहतो आणि पुढचा नंबर पाटीवर खडूने लिहिलेल्या नावाचा, एवढा एकच नियम हवा. त्यामुळे गटातल्या गटात खेळणं बंद होतं आणि अनोळखी माणसाशी खेळावंच लागतं. टेबल तासावर भाड्याने दिलं की हा सगळा फायदा गेला.

भिंतीवर काय लावायचं हा प्रश्न शेवटी येतो आणि त्याला उत्तर कमी आहे. ज्या वस्तूमागे एखादं गिऱ्हाईक किंवा एखादी रात्र आहे तीच लावा, परवानगी घेऊन. पहिली दोन वर्षं भिंत बरीच मोकळी दिसेल. दिसू द्या.

वास

जागा जुनी, ओबडधोबड चालते. घाण चालत नाही, आणि घाण आधी नाकाला कळते. आंबूस वास सांडलेल्या बिअरमधल्या साखरेवर जगणाऱ्या जंतूंचा असतो. तो मुरतो रबरी मॅटखाली, काउंटरच्या पायथ्याच्या सांध्यात आणि मोरीत. मॅट रोज रात्री उचलून धुवायच्या आणि उभ्या करून वाळवायच्या. फरशी चिकट लागत असेल तर साबण वाढवू नका. बहुधा जास्त साबणाचाच थर राहिलेला असतो. साबण बाटलीवर लिहिलेल्या मापाने, पाणी गरम, आणि मग साध्या पाण्याचा दुसरा हात. पोछा स्वतः आंबलेला असेल तर तो वास खोलीभर फिरवतो.

बंद बारमध्ये सकाळी गटाराचा वास येत असेल तर कमी वापराच्या मोरीचा नहाणी ट्रॅप कोरडा पडलेला असतो. त्यातलं पाणीच वायू अडवतं. आठवड्यातून एकदा दोन लिटर पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल, म्हणजे बाष्पीभवन मंदावतं. बारीक माश्या दिसल्या तर त्या बहुधा फळांवर नाही, मोरीच्या आतल्या बुळबुळीत थरावर वाढत असतात. नुसतं ब्लीच ओतून तो थर निघत नाही. ब्रशने घासावा लागतो, नंतर एन्झाइमचं क्लीनर रात्रभर. शौचालयातला हट्टी वास फरशीच्या सांध्यांत बसलेल्या क्षारांचा असतो, त्याला आम्लाचं क्लीनर लागतं. आम्ल आणि ब्लीच एका दिवशी, एका जागी वापरायचं नाही. क्लोरीन वायू तयार होतो.

शौचालयाकडे जाणारी बोळ उजेडात ठेवा आणि तिचं तोंड काउंटरवरून दिसलं पाहिजे. आत कडी, हुक, कागद आणि साबण दर तासाला तपासायचे. एकट्या बाईने त्या बारमध्ये परत यायचं की नाही, हे बऱ्याचदा या बोळीवर ठरतं.

ग्लास आणि नळ

मेनू छोटा असू द्या. तीन-चार बिअर, नेहमीचे पेग, मोजकी मिश्रणं. बारटेंडर एका ड्रिंकला चार मिनिटं खाली मान घालून उभा असेल तर काउंटर थंड पडतो.

बिअर सपाट किंवा आंबट लागली की लोक कंपनीला दोष देतात, पण दोष बहुधा पाइपात किंवा ग्लासात असतो. केग (बिअरचं पिंप) ३ अंश सेल्सिअसच्या आसपास. पाइप दर १४ दिवसांनी २ ते ३ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने निदान १५ मिनिटं फिरवून धुवायचे, मग स्वच्छ पाण्याने पूर्ण. नळाची तोटी त्याच वेळी सुटी करून घासायची, आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने धुणं. कॉस्टिक कातडी जाळतं, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि शेवटचं पाणी पूर्ण निघाल्याशिवाय पहिला ग्लास भरायचा नाही. पहिल्याच ग्लासाला नुसता फेस येत असेल तर केगपासून नळापर्यंतचा पाइप कुठे तरी गरम होतोय.

ग्लासाची परीक्षा सोपी: ओला करून आत मीठ भुरभुरा. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. ग्लास धुवायचा ब्रश आणि सिंक ताटल्यांसाठी वापरू नका, फडक्याने पुसू नका, जाळीवर उलटे वाळवा. फ्रीजरमध्ये गोठवलेला ग्लास दिसायला छान, पण त्यात फेस उसळतो.

बारटेंडर

दार उघडलं की अर्ध्या मिनिटात नजरानजर आणि मान हलवणं. हात मोकळे नसले तरी तेवढं होतं, आणि मग माणूस पाच मिनिटं निमूट थांबतो. दुसऱ्या खेपेला नाव लक्षात ठेवणं चांगलं, पण ‘नेहमीचंच ना?’ असं सगळ्यांसमोर मोठ्याने विचारू नका. काहींना आपण नेहमी येतो हे जाहीर झालेलं नको असतं.

खरं कौशल्य दोन अनोळखी माणसांना जोडून बाजूला होण्यात आहे. ‘हेही तुमच्यासारखेच मासेमारीवाले’ एवढं म्हणायचं आणि बर्फ आणायला जायचं. बारटेंडर त्या गप्पांत तिसरा म्हणून थांबला की गप्पा त्याच्याभोवती फिरतात आणि तो गेला की संपतात.

जास्त झालेल्या माणसाला थांबवताना काउंटरच्या आतून, सगळ्यांसमोर बोलू नका. बाहेर येऊन, बाजूने, हळू आवाजात, आणि त्याच्या मित्रांपैकी शुद्धीत असलेल्याला आधी सांगून. पाणी आणि काहीतरी खायला समोर ठेवा, गाडीची किल्ली कोणाकडे आहे ते पाहा, घरी जायची सोय होईपर्यंत बसू द्या. ‘आज बास, उद्या या’ हे वाक्य बहुतेकांना चालतं. कारणं सांगायला गेलात की वाद होतो. ज्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्रास दिला त्याला मात्र उद्या या म्हणायचं नाही. बंदी किती दिवसांची, हे वहीत लिहा आणि सगळ्या पाळ्यांतल्या माणसांना वाचायला लावा. एकाने हाकललं आणि दुसऱ्याने पेग दिला, की दोघांचाही शब्द गेला.

बंद करताना

शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधी, आणि ती काउंटरवरून ओरडून नाही, टेबलाटेबलावर जाऊन. त्यानंतर गाणी दर दहा मिनिटांनी ३ डेसिबल खाली, दिवे एकेक पायरी वर. पांढरे दिवे एकदम लावले की लोक चिडतात आणि रस्त्यावर उभे राहून मोठ्याने बोलतात, मग शेजारी खिडकी उघडतात. दाराशी एक माणूस उभा ठेवा, निघणाऱ्यांना नावाने निरोप द्यायला आणि बाहेर घोळका थांबला तर पुढे सरकवायला. बाहेरची पाटी सर्वांत आधी विझवा, शेवटचं गिऱ्हाईक आत असतानाच. बाटल्यांचं पोतं मात्र रात्री बाहेर ओतू नका. ते सकाळी.